समुद्रतळींची तार

महायुद्धाचें नांव काढतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें तोफा व पाणबुड्या उभ्या राहतात. परंतु १९१४ सालीं युद्ध पुकारल्यावर कांहीं तासांतच इंग्लंडनें जर्मनीविरुद्ध जें पाऊल टाकलें, त्यांत एकही तोफ उडाली नाहीं. ५ ऑगस्टच्या पहाटेस ‘अलर्ट’ नांवाच्या लहानशा इंग्रज जहाजानें इंग्लिश खाडींत गळ सोडले आणि जर्मनीच्या पांच तारा समुद्रतळावरून वर ओढून तोडून टाकल्या.

हें इतकें सुलभ कां झालें? समुद्रांतील तार म्हणजे मधें तांब्याचा गाभा, त्याभोंवतीं गट्टापर्चा आणि बाहेरून लोखंडी तारांचें चिलखत. गट्टापर्चा हा मलायाकडील एका झाडाचा चीक. तो ऊन पाण्यांत मऊ होतो, निवतांच घट्ट होतो आणि समुद्रांत वर्षानुवर्षें कुजत नाहीं. त्याचा व्यापार सिंगापुरांतून, म्हणजे इंग्रजांच्या हातून, चाले. (थोडक्या चिकासाठीं सबंध झाड तोडीत, पण अरण्याची खंत करण्यास तेव्हां कोणास सवड होती?) १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजानें मुंबईहून एडनपर्यंत तार टाकली, आणि आगबोटीनें जिला आठवडे लागत ती विलायतेची बातमी कांहीं तासांत येऊं लागली. जर्मनीनेंही पुढें स्वतःच्या तारा घातल्या खऱ्या, पण त्या इंग्लंडच्या उंबरठ्यावरूनच जात होत्या.

त्या तुटल्यावर जर्मनीस उरले बिनतारी संदेश, जे कोणीही ऐकावे; नाहींतर दुसऱ्याची तार. जानेवारी १९१७ मध्यें परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनीं मेक्सिकोकडे गुप्त निरोप धाडला कीं, अमेरिका युद्धांत उतरल्यास मेक्सिकोनें जर्मनीस मिळावें. टेक्सास, न्यू मेक्सिको व ॲरिझोना हे प्रांत परत घेण्यास साह्य होईल. हा निरोप गेला तो अमेरिकेनें शांततेच्या वाटाघाटींसाठीं वापरूं दिलेल्या तिच्याच तारेवरून! ती तार इंग्लंडमधून जात असे. लंडनच्या नौखात्यांतील ‘खोली क्रमांक ४०’ मध्यें त्या सांकेतिक मजकुराचा उलगडा झाला.

आतां पंचाईत इंग्रजांची झाली. निरोप उघड करावा, तर अमेरिकेचीही तार आपण वाचतों हें कबूल करणें आलें. म्हणून त्यांनीं मेक्सिकोंतील तारऑफिसांतून त्याच निरोपाची निराळी प्रत मिळविली व ती पुढें केली. ६ एप्रिल रोजीं अमेरिकेनें युद्ध पुकारलें. पाणबुड्यांचे बेफाम हल्ले हें त्याचें मोठें कारण होतेंच.

आज तांब्याच्या जागीं केंसासारखे कांचेचे तंतू आले आहेत. परंतु खंडाखंडांतील बहुतेक संदेश अजून समुद्रतळावरूनच जातात, आणि त्या तारा कोणत्या देशाच्या कंपनीनें टाकाव्या यावरून अमेरिका व चीन यांच्यांत रस्सीखेच चालू आहे. मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा कित्येक तारा येऊन पोहोंचतात. मुलांना घेऊन आम्ही तेथें गेलों होतों. वाळूवर पाहण्यासारखें कांहींच नव्हतें.