थकलेल्या मेंदूला आपला थकवा कळत नाही

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या बजपे विमानतळावर उतरलं, धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि दरीत कोसळलं. १५८ जण मृत्युमुखी पडले, आठ वाचले. कॉकपिटमधल्या दोन तास पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात पहिली एक तास चाळीस मिनिटं वैमानिकांचं संभाषणच नव्हतं. ऐकू येत होतं ते कॅप्टनचं घोरणं.

म्हणजे झोप तर झाली होती! मग चुकलं कुठे? ‘झोप झाली की माणूस ताजातवाना होतो’ या समजातली खोच इथेच आहे. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच पूर्ण जागा होत नाही. गुंगी काही मिनिटं, कधी अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त टिकते आणि तेवढा वेळ निर्णयशक्ती मंदावलेली असते. त्यात पहाटेची वेळ, जेव्हा शरीराच्या घड्याळानुसार सतर्कता तळाला गेलेली असते. विमान गरजेपेक्षा बरंच उंचावर होतं. सहवैमानिकाने उतरणं रद्द करण्याबाबत तीनदा सांगितलं, यंत्रणाही इशारे देत होती. तरीही कॅप्टनने विमान उतरवलंच आणि ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट मागे पडल्यावर चाकं टेकली. लांबलेली झोप आणि त्यानंतरची गुंगी यांमुळे कॅप्टनची निर्णयक्षमता बिघडली असावी, असं चौकशी अहवालाने नोंदवलं.

या कॅप्टनच्या नावावर दहा हजार तासांहून अधिक उड्डाण होतं. ‘मुरलेल्या माणसाला जागरणाचं काही वाटत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. अनुभवाने हात सरावतात, पण मेंदूची झोपेची गरज कमी होत नाही.

सगळ्यात घातक समज मात्र वेगळाच आहे: ‘थकलो तर मला कळेलच.’ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज सहा किंवा चारच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष आणि स्मरण दिवसागणिक ढासळत गेलं. अखेरीस ही घसरण एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी झाली. पण ‘किती झोप येतेय?’ या प्रश्नाची त्यांची उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष हादरवणारा आहे. ‘मला सहा तास पुरतात’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या अनेकांचा मेंदू स्वतःची घसरण मोजण्याच्या स्थितीतच नसतो.

ती मोजायची तर दारूशी तुलना करता येते. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सलग १७ तास जागे राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी घसरलेली आढळली. भारतात गाडी चालवताना मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून रात्री अकरानंतर स्टिअरिंग हाती घेणारा माणूस थेंबभरही न पिता तिथवर पोहोचलेला असतो.

आणि चहा-कॉफी? जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढते. कॅफिन त्याची जागा अडवतं, पण साठा तसाच राहतो. थोडी मदत होते, झोपेची भरपाई होत नाही.

‘ताणाखाली डोकं चांगलं चालतं’ हे अर्धंच खरं आहे. सोप्या, सवयीच्या कामात थोडा ताण उपयोगी पडतो. गुंतागुंतीच्या निर्णयात तोच ताण नजर एका जागी खिळवतो. ठरवलेला बेत मोडणं जड जातं, शेजारच्याचा इशाराही आत पोहोचत नाही.

डुलकी म्हणजे कामचुकारपणा, हाही समज सोडायला हवा. लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर ‘नासा’ने केलेल्या अभ्यासात ४० मिनिटांच्या ठरवून दिलेल्या विश्रांतीत ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर अधिक सतर्क राहिले. डुलकी छोटी असावी आणि जागं झाल्यावर सावरायला वेळ मिळावा, एवढं पथ्य मात्र पाळायलाच हवं.

आपली झोप आपल्याला कळत नसेल तर मर्यादा बाहेरून घालावी लागते. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये वैमानिकांची सलग साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्याचे नियम काढले. ट्रक आणि बसचालकांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा १९६१ च्या कायद्यानेच घातली होती. पण रात्रीच्या नाकाबंदीत चालकाच्या तोंडाशी धरलेलं यंत्र फक्त दारू ओळखतं, तो किती तासांपासून जागा आहे हे त्याला कळत नाही.