कर्जाचा रफार

“अरे, तुझ्या कर्जाचा रफार कुठे गेला?”

सरांनी असं विचारलं तेव्हा मला वाटलं, माझ्याकडून शुद्धलेखनाची चूक झाली. सर म्हणजे विरारच्या चंदनसारला आमच्या गल्लीत राहणारे निवृत्त शिक्षक. काचबिंदूमुळे त्यांना बाजूचं दिसत नाही आणि समोरचंही अंधुक दिसतं. फोन डोळ्यांपासून चार बोटांवर धरून वाचतात. त्यांच्या ठेवी ज्या पतपेढीत आहेत, तिची वेबसाइट मी नुकतीच तयार केली होती. त्यांचा फोन हातात घेतला, तर ठळक मथळा होता: ‘कज’. माझ्या फोनवर मात्र ‘कर्ज’ शाबूत होतं.

झालं होतं ते असं. सरांनी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली होती. मी मथळ्याच्या चौकटीची उंची ठरावीक ठेवली होती आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीसाठी बनलेल्या साच्यातून जसंच्या तसं उचललं होतं. देवनागरीला वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार यांच्यासाठी दोन्हीकडे जागा लागते. अक्षर वाढलं, चौकट वाढली नाही आणि बाहेर गेलेला रफार छाटला गेला. वेबच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, हे स्पष्ट सांगितलं आहे: अक्षरं 200 टक्के मोठी केली तरी मजकूर किंवा सोय हरवता कामा नये. नियम मला पाठ होता, पण मराठी शब्दावर तो कधी तपासला नव्हता. चौकटीची ठरावीक उंची काढली, ओळी मोकळ्या केल्या आणि रफार परत आला.

चिमटीत न येणारं पान

मग सरांनी दोन बोटांनी पान मोठं करून पाहिलं. ते हललंच नाही. कारण मीच कोडमध्ये झूम बंद करणारी ओळ लिहिली होती. झूम केल्यावर वरचा मेनू सरकायचा, आणि मला पान नीटनेटकं हवं होतं. माझ्या नीटनेटकेपणाची किंमत सर मोजत होते.

ती ओळ काढली, तर नवी अडचण उभी राहिली. पान मोठं झालं, पण प्रत्येक ओळ वाचायला ते उजवीकडे-डावीकडे ढकलावं लागे. ज्याला एका वेळी दोन-तीन शब्दच दिसतात, त्याची ओळ अशाने हरवते. डब्ल्यूसीएजीच्या 2018 च्या आवृत्तीने यासाठी मोजमाप दिलं आहे: पान 320 पिक्सेल रुंदीत आडवं न सरकवता वाचता यावं. तपासणीही सोपी आहे. 1280 पिक्सेल रुंद खिडकीत झूम 400 टक्के करायचा. विरार लोकलमध्ये चौथ्या माणसासाठी बाकावरचे तिघे सरकून घेतात, तसं अक्षर मोठं झालं की बाकीच्या मजकुराने सरकून खालच्या ओळीत जायला हवं.

भगवं बटण

‘अर्ज करा’ हे बटण भगवं आणि त्यावर पांढरी अक्षरं, हा संचालकांचा आग्रह होता. मी आकडे मांडले. पांढऱ्यावर काळं अक्षर असेल तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर 21 येतं. साध्या मजकुराला किमान 4.5 लागतं, मोठ्या अक्षरांना 3. नेहमीच्या भगव्यावर पांढऱ्याचं येतं जेमतेम 2.1. आकड्यांनी कुणी हललं नाही. मग फोन घेऊन सगळ्यांना दुपारच्या उन्हात अंगणात आणलं. जीवदानीचा डोंगर लख्ख दिसत होता, बटणावरची अक्षरं मात्र कुणालाच दिसेनात. जो तो फोनवर हाताची सावली धरू लागला. मी म्हटलं, “सरांना घरात बसूनही असंच दिसतं.” भगवा तसाच ठेवून अक्षरं काळी केली आणि गुणोत्तर 10 च्या जवळ गेलं.

व्याजदरांचा फोटो

व्याजदर बदलले की कार्यालयातल्या ताई जुन्या फॉन्टमध्ये तक्ता टाइप करून त्याचा फोटो चढवायच्या. जुन्या फॉन्टमध्ये मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन चिन्हं. वेबवर चिकटवलं की अगम्य अक्षरं उमटतात, म्हणून फोटो. तो मोठा केला की धूसर होतो आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातला एकही आकडा वाचता येत नाही. ताईंनी युनिकोड कीबोर्ड चार दिवसांत शिकून घेतला. मी पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी नोंदवलेली होती ती मराठी केली, म्हणजे स्क्रीन रीडर मराठी आवाजात वाचू शकेल.

वर कोपऱ्यात अक्षर मोठं करणारं ‘अ+’ बटणही होतं. सर म्हणाले, “ते शोधायलाच मला मोठं अक्षर लागतं रे.” तेव्हा उमगलं की वाचणाऱ्याने स्वतःच्या फोनवर आधीच सोय करून ठेवलेली असते. आपण फक्त तिच्या आड यायचं नसतं.

सरांसारख्यांची दखल कायद्यानेही घेतली आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये अंधत्व आणि अल्पदृष्टी वेगवेगळी नोंदवली आहेत. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 पेक्षा कमी ते 3/60 पर्यंत असेल, किंवा दृष्टीचा आवाका 40 अंशांहून कमी ते 10 अंशांपर्यंत आकसला असेल, तर ती अल्पदृष्टी. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला. डिजिटल केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाच्या ओळख पडताळणीसाठी, पापण्यांची उघडझाप करून दाखवा, ही अट कित्येकांना बँकेबाहेर ठेवत होती. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगत न्यायालयाने 20 निर्देश दिले.

या हक्काचा अर्थ मला सरांच्या ओटीवर कळला. आपल्या ठेवींचे आकडे ते पूर्वी नातीकडून वाचून घेत. हे सगळे बदल झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी व्याजाचा तक्ता स्वतः वाचला, हळूहळू, एकेक रांग. मग फोन खिशात ठेवला. ठेवीचं काय ठरवलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तेव्हापासून कुठलीही वेबसाइट सोपवण्याआधी मी फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करतो आणि पानावर ‘कर्ज’ लिहून बघतो. रफार दिसल्याशिवाय काम पुढे जात नाही.