मराठी चित्रपटांतील संत मुक्ताबाईंचे चित्रण

संत मुक्ताबाई (इ.स. १२७९–१२९७) या तेराव्या शतकातील मराठी संतकवयित्री आणि निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर व सोपानदेव यांच्या धाकट्या भगिनी होत. मराठी पडद्यावर त्यांची व्यक्तिरेखा प्रामुख्याने ज्ञानेश्वरांच्या चरित्रकथेतून आली आहे. धर्मपीठाची सत्ता आणि बहिष्कृत कुटुंब यांचा संघर्ष हा या कथेचा गाभा आहे. वारकरी परंपरेत मुक्ताबाईंना गुरुपद आहे; पडद्यावर मात्र भगिनीचे नाते अधिक ठळक होते.

पार्श्वभूमी

विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारल्यामुळे त्यांच्या कुटुंबाला वाळीत टाकण्यात आले. परंपरेनुसार ब्रह्मवृंदाने त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पुढे मुलांच्या शुद्धीचा प्रश्न पैठणच्या धर्मसभेपुढे गेला. या वादाच्या केंद्रस्थानी मुलग्यांच्या मुंजीचा अधिकार होता. मुलींना तत्कालीन रूढीत उपनयनच नसल्याने मुक्ताबाईंना बहिष्काराची झळ भावांइतकीच लागली, पण त्या वादात स्वतःची मागणी मांडण्यास जागा नव्हती. त्यांचा अधिकार धर्मसभेच्या निर्णयातून आला नाही. निवृत्तिनाथांकडून लाभलेल्या नाथसंप्रदायी उपदेशातून तो आला.

'संत ज्ञानेश्वर' (१९४०)

प्रभात फिल्म कंपनीचा हा चित्रपट विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. त्याची कथा शिवराम वाशीकर यांची, तर संगीत केशवराव भोळे यांचे होते. रेड्याच्या मुखी वेद आणि चालती भिंत या प्रसंगांचे चित्रण विशेष गाजले. ज्ञानेश्वरांची भूमिका शाहू मोडक यांनी, तर तरुण मुक्ताबाईंची भूमिका सुमती गुप्ते यांनी केली. मोडक हे अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील होते, तर फत्तेलाल मुस्लिम होते. वर्णाधिकाराला आव्हान देणारी ही कथा अशा प्रकारे विविध धर्मांच्या कलावंतांनी साकारली.

गुरुपद आणि भगिनीपद

मुक्ताबाईंच्या नावावरील 'ताटीचे अभंग' रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना उद्देशून आहेत. त्यांत धाकटी बहीण थोरल्या भावाला संताचे लक्षण समजावून सांगते. योगी चांगदेवांनी मायना न सुचल्याने पाठविलेल्या कोऱ्या पत्राची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. पुढे त्यांनी मुक्ताबाईंना गुरू मानले. वयाने वृद्ध आणि सिद्धी मिळविलेल्या पुरुषाने एका किशोरवयीन मुलीचे शिष्यत्व पत्करावे, हे धर्मसत्तेच्या प्रस्थापित उतरंडीला छेद देणारे होते. चालत्या भिंतीच्या प्रसंगात मात्र चांगदेवांसमोर मुख्यत्वे ज्ञानेश्वर असतात. त्यामुळे चमत्कार लक्षात राहतो आणि गुरुशिष्यसंबंध मागे पडतो.

कथेचा शेवट हीदेखील एक मर्यादा आहे. ज्ञानेश्वरांची कथा १२९६ मधील आळंदीच्या समाधीपाशी पूर्ण होते. मुक्ताबाईंच्या आयुष्याचा खानदेशातील अखेरचा भाग त्यानंतरचा असल्याने तो तिच्या चौकटीबाहेर राहतो.

दिग्पाल लांजेकर दिग्दर्शित 'संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई' (२०२५) या चित्रपटात मुक्ताबाईंचे नाव शीर्षकात आले. तेथेही त्यांची ओळख भावाच्या नावाशी जोडलेली आहे.

खानदेशातील परंपरा

परंपरेनुसार शके १२१९ (इ.स. १२९७) मध्ये तापीतीरी वीज कडाडली आणि मुक्ताबाई गुप्त झाल्या. जळगाव जिल्ह्यातील मेहूण व कोथळी येथे त्यांची मंदिरे आहेत. जवळच तापी–पूर्णा संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. गुरू आणि शिष्य यांची स्थाने अशी एकाच परिसरात आढळतात. एदलाबाद या गावाला पुढे मुक्ताबाईंवरून मुक्ताईनगर हे नाव देण्यात आले. येथे त्यांना 'आदिशक्ती मुक्ताई' म्हणून पूजले जाते. आषाढी वारीसाठी त्यांची स्वतंत्र पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाते आणि मानाच्या पालख्यांत तिची गणना होते.