दोनच जेवणं, पण भूक कुठे जाते?

'दीक्षित डाएट' आज महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. ते पसरलं मात्र लातूरमधून. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना लोकांपुढे नेली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, त्याच वेळी जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि मध्ये काही खाऊ नका, एवढीच ती गोष्ट. खाल्लं की इन्सुलिन वाढतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हा त्यामागचा युक्तिवाद. तो बराचसा खरा आहे. पण वजन उतरतं ते मुख्यतः दिवसभरात पोटात जाणारं एकूण अन्न कमी झाल्यामुळे, असं मला वाटतं. मग कमी खाऊनही माणूस भुकेने कासावीस का होत नाही?

उत्तराची सुरुवात जठरात होते. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. ते जठरात तयार होतं, जेवणाआधी रक्तात वाढतं आणि जेवल्यावर उतरतं. विशेष म्हणजे ते नेहमीच्या वेळा पाळतं. रोज पाच वाजता चहाबरोबर फरसाण खाणाऱ्याला पाचच्या सुमारास भूक लागते, ती पोट रिकामं असतं म्हणूनच असं नाही. शरीराला त्या वेळेची सवय झालेली असते. दोन जेवणांवर आलेल्या माणसाचे पहिले काही दिवस जड जातात आणि मग मधली भूक मावळू लागते, त्यात या सवयीचा मोठा वाटा आहे.

भूक लागणं एक, जेवण कुठे थांबवायचं हे दुसरं. जठर ताणलं गेलं की व्हेगस मज्जातंतू मेंदूच्या तळाशी ती खबर पोचवतो. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं लहान आतड्यात उतरली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवतं आणि हात आखडू लागतो. हे सगळं व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून भरभर जेवणारा गरजेपेक्षा जास्त खाऊन बसतो. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी असं जेवण चावून खावं लागतं, त्यात तंतू आणि प्रथिनं असतात. मऊ पाव किंवा बिस्किटांपेक्षा ते लवकर तृप्त करतं.

इथे उंदरांवरचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९७३ मध्ये गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी दाखवलं, की कोलेसिस्टोकायनिन टोचलं की उंदीर कमी खातात. पुढे १९८४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ते प्रत्येक जेवणाआधी दिलं. जेवणं लहान झाली, पण उंदीर जास्त वेळा जेवू लागले आणि एकूण खाणं जवळपास तेवढंच राहिलं! जेवणाचा आकार कमी केला तर शरीर त्याची भरपाई वेळा वाढवून करतं. लातूरच्या पद्धतीने ही भरपाईची वाटच बंद होते. तिचं खरं बळ मला इथे दिसतं.

भरपाई करायला लावणारी यंत्रणा मेंदूत आहे. हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंच्या कडेच्या भागांना इजा झाली की उंदीर खाणंच सोडतात, हे १९५१ मध्ये बी. के. आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी दाखवलं. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचं जनुक सापडलं. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडून मेंदूला साठ्याची खबर देतात. वजन घटलं की लेप्टिनही घटतं आणि भूक वाढते. म्हणून उतरलेलं वजन टिकवणं हे उतरवण्यापेक्षा कठीण असतं. यात इच्छाशक्तीला दोष देणं अन्याय आहे.

लातूरच्या शिकवण्यांसाठी खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांच्या पालकांनी झोपेबद्दल एक लक्षात घ्यावं. २००४ मधल्या शिकागोच्या एका अभ्यासात तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तर लेप्टिन घटलं, घ्रेलिन वाढलं आणि भूकही वाढली. वाढत्या वयाच्या मुलांनी जेवणं कमी करण्याऐवजी झोप पुरी करावी.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसंच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा आधी ठरवून घ्या, मग वेळा बदला.