विमा आहे, मग योजना कशाला?

कवठे येमाईसारख्या गावातले बरेच दुकानदार विमा उतरवला की संकटाची तयारी झाली, असे समजतात. विमा हवाच, पण तो नुकसान नंतर भरून देतो, तेही अटींत बसले तर. व्यवसाय-सातत्य योजना (अडचणीतही धंदा चालू राहावा म्हणून आधीच केलेली तरतूद) ही गाडीतल्या स्टेपनीसारखी असते, ती अडल्या वेळी लगेच कामी येते. अशी वेळ कधीही येऊ शकते: 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात पुणे जिल्ह्यातही विजेचे खांब पडले. वीज गेली की मोबाइल, क्यूआर कोडवरचे पैसे, संगणकातली उधारी, सगळेच अडते. म्हणून उधारी कागदी वहीतही लिहावी, दुसरा घाऊक व्यापारी ओळखीचा असावा आणि गिऱ्हाइकांचे नंबर घरातल्या आणखी एकाकडे असावेत. दुकान कधी उघडणार, हे त्यांना त्याच दिवशी कळवा. नाहीतर गिऱ्हाइके शिरूरच्या बाजाराची वाट धरतात.