पन्नास अंशांच्या उन्हात

२१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधील मित्रिबाह येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने पुढे ही नोंद तपासून मान्यही केली. हे तापमान सावलीतले, हे ध्यानात ठेवा! आपल्या शरीराचे तापमान असते सुमारे ३७ अंश. मग ऐन उन्हाळ्यात अशा देशी गेलेला माणूस तग धरतो कसा?

उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल, तर शरीरातील उष्णता हवेत जाते. हवा ४५ अंशांवर गेली की प्रवाह उलटा होतो. हवाच शरीराला तापवू लागते. म्हणूनच तेथे कोरड्या त्वचेवर पंख्याचा वारा घेतला, तर तो भट्टीच्या झोतासारखा लागतो.

आता एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून घेतली जाते. मात्र घाम नुसता निथळून उपयोग नाही. तो वाळला पाहिजे. कोरड्या वाळवंटी हवेत तो इतक्या लवकर वाळतो की अंग ओले झालेले कळतही नाही. श्रम करणाऱ्याच्या शरीरातून तासाला एक लिटरहून अधिक पाणी जाऊ शकते. तहानेवर विसंबणारा प्रवासी येथेच फसतो.

पण खरा धोका आणखी निराळा आहे. एका तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घाला. पाणी वाळून थंडावा येतो व पारा उतरतो. हवा ५० अंश असून सापेक्ष आर्द्रता १० टक्के असेल, तर हा ओला तापमापक सुमारे २४ अंश दाखवील. हवा ३८ अंश पण आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तो जवळजवळ ३४ अंशांवर थांबेल! म्हणजे त्वचेवरील घाम वाळायला वावच नाही. इराणच्या आखाताचे पाणी उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर तापते. तिकडून दमट वारे आले की किनाऱ्यावर पारा खाली असूनही जीव अधिक गुदमरतो.

तेथील लोक पायघोळ, सैल व फिकट कपडे घालतात. त्यामुळे ऊन अडते आणि आत हवा खेळती राहते. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे.

आपल्याकडून, विशेषतः कोकणातून, कितीतरी जण नोकरीसाठी आखाती देशांत जातात. त्यांनी पहिले दिवस फार जपावे. शरीर उन्हाला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटू लागतो व त्यातून मीठही कमी जाते. कुणी उन्हात असंबद्ध बोलू लागला, अंग तापून लाल झाले, तर तो उष्माघात समजावा. त्याला त्वरित सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी.

ओल्या फडक्याचा प्रयोग तुम्हीही करून पाहा. मे महिन्यात एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा एकदा करा. दोन्ही तापमापकांतील फरक केव्हा अधिक असतो, व का?