आधी टनेल, मग डेस्कटॉप

भाड्याने घेतलेल्या लिनक्स सर्व्हरला मॉनिटर नसतो, माउसही नसतो. दूरच्या डेटा सेंटरमधल्या त्या यंत्राकडून काम करून घ्यायचे ते आज्ञा टाइप करून. पण क्यूजीआयएससारखे नकाशांचे सॉफ्टवेअर तिथे वापरायचे झाले, की खिडक्या आणि मेनू लागतातच. त्यासाठी व्हीएनसी आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ऑलिव्हेटी रिसर्च लॅबोरेटरीत १९९०च्या दशकात ती तयार झाली. सर्व्हरच्या मेमरीत एक पडदा उभा राहतो, त्यावर जेवढे बदलेल तेवढे चित्र आपल्याकडे येते आणि आपला कीबोर्ड-माउस तिकडे चालतो. एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप आणि टायगरव्हीएनसी बसवून पासवर्ड ठरवला, की पडदा दिसू लागतो. पडदा दिसला म्हणजे काम झाले, असे मानणे मात्र धोक्याचे आहे.

व्हीएनसीचा पहिला डेस्कटॉप ५९०१ क्रमांकाच्या पोर्टवर असतो, दुसरा ५९०२वर. हे क्रमांक सगळ्यांनाच ठाऊक असल्याने इंटरनेटवर उघडी पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम तिथे हमखास डोकावतात. ‘पासवर्ड आहे ना!’ असे कोणी म्हणेल. पण व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरेच धरली जातात. पुढे कितीही लिहा, उपयोग शून्य. शिवाय त्या पद्धतीत पडद्यावरचे चित्र आणि टाइप केलेली अक्षरे एन्क्रिप्शनशिवायच प्रवास करतात. यावरचा उपाय बहुतेक सर्व्हरवर आधीपासूनच असतो, तो म्हणजे एन्क्रिप्शनसह दूरच्या यंत्राशी जोडणारे एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५मध्ये ते लिहिले. व्हीएनसी ‘लोकलहोस्ट’ पर्यायासह सुरू केली, की ती बाहेरच्या कोणाचेही ऐकत नाही. मग आपल्या संगणकावरून एसएसएचचे टनेल, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला मार्ग, काढून आपले ५९०१ पोर्ट सर्व्हरच्या ५९०१ला जोडायचे आणि पडदा दाखवणाऱ्या व्ह्यूअर प्रोग्रॅमला आपल्याच संगणकाचा पत्ता द्यायचा. फायरवॉलमध्ये व्हीएनसीसाठी काहीच उघडावे लागत नाही. एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट पुरते.

सर्व्हरवर डेस्कटॉप हवाच कशाला, असे जाणकार विचारतात. नुसती वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरपुरते ते खरेच आहे. तिथे डेस्कटॉप म्हणजे मेमरीची उधळपट्टी. पण ज्या कामाला पडदा लागतोच, तिथे हलका डेस्कटॉप ठेवावा आणि काम संपताच सत्र बंद करावे. काही व्हीएनसी प्रोग्रॅममध्ये आता स्वतःचे एन्क्रिप्शन आहे, हेही खरे. तरी ते चालू आहे की नाही हे दोन्ही टोकांच्या सेटिंगवर ठरते, आणि पोर्ट जगाला उघडे राहते ते राहतेच. टनेलमुळे वेग पडतो ही तक्रारही फारशी टिकत नाही. आजच्या प्रोसेसरला एन्क्रिप्शनचा भार जाणवत नाही. पडदा अडखळतो तो बहुधा सर्व्हरचे अंतर आणि चित्राचा आकार यांमुळे. रिझोल्यूशन कमी करा, वॉलपेपर काढा, फरक दिसेल.

तुमचा सर्व्हर आधीच चालू असेल, तर त्यावरच्या उघड्या पोर्टची यादी आजच काढा. ५९०१च्या आधी १२७.०.०.१, म्हणजे फक्त सर्व्हरचा स्वतःचा पत्ता, दिसले तर ठीक. ०.०.०.०, म्हणजे बाहेरच्यांनाही उघडे, असे दिसले, तर व्हीएनसी लगेच बंद करा आणि ‘लोकलहोस्ट’ पर्यायासह पुन्हा सुरू करा.